रोज काय करतो, ते सांगा

तपासणीच्या आदल्या दिवशी आम्ही नातवाला शाळेत पाठवलं नाही. पाय दमलेले नकोत म्हणून. सकाळी हिने त्याच्या पायांना कोमट तेल लावलं, सूनबाईनं पायांना आधार देणाऱ्या स्प्लिंटचे सैल झालेले पट्टे बदलून आणले, आणि मी त्याला पलंगापासून दारापर्यंत चार वेळा चालवून घेतलं. भिंतीला हात टेकून तो सात-आठ पावलं नीट टाकायचा. उद्या हीच पावलं थेरपिस्ट बेनना (आमच्या वडोदऱ्यात ताईंना बेन म्हणतात) दाखवायची, असं आमच्या सगळ्यांच्या मनात होतं.

तो तेव्हा सहा वर्षांचा होता. एकतिसाव्या आठवड्यात जन्मला, वजन एक किलो चारशे. काचेच्या पेटीतून घरी आला तेव्हा सगळं निभावलं असं वाटलं होतं. दहा महिने झाले तरी बसेना. उभं धरलं की पाय कात्रीसारखे एकमेकांवर जायचे आणि चवडे जमिनीत रुतल्यासारखे टेकायचे. मग एमआरआय झाला आणि कागदावर दोन शब्द आले, स्पास्टिक डायप्लेजिया. सेरेब्रल पाल्सीचाच हा एक प्रकार, दोन्ही पायांत ताठरपणा, हात त्या मानानं बरे. मेंदूला झालेली इजा पुढे वाढत नाही, हे आम्हाला लवकर कळलं. पण मूल वाढतं, हाडं लांब होत जातात, आणि आखडलेले स्नायू त्या वेगानं लांबत नाहीत, हे कळायला दोन वर्षं गेली.

मी सर्वेअर. चौतीस वर्षं रस्त्यांची आणि जमिनींची मोजणी केली. त्यामुळे नातवाच्या बाबतीत मला सर्वांत जास्त खुपायचं ते हे, की कोणी काही मोजतच नव्हतं. दोन-तीन ठिकाणी आम्ही गेलो होतो. प्रश्न एकच, "चालतो का?" आम्ही म्हणायचो, आधारानं. फाईलमध्ये एक ओळ पडायची आणि सांगायचे, व्यायाम चालू ठेवा. एके ठिकाणी तर पाचव्या वर्षापर्यंत स्वतंत्र चालेल असं छातीठोक सांगितलं होतं. सूनबाईनं तो वाढदिवस कसा काढला, ते मी पाहिलंय. घरात कोणी बोललं नाही, पण केक कापताना सगळ्यांच्या नजरा त्याच्या पायांकडे होत्या.

म्हणून या बेननी फोनवरच "दीड-दोन तास काढून या, त्याला खाऊ घालून आणा, चड्डी घालून आणा" असं सांगितलं, तेव्हा मला पहिल्यांदा बरं वाटलं.

त्यांनी आधी चालायला लावलंच नाही. त्याचे बूट काढले आणि उलटे करून बघितले. दोन्ही बुटांचं टोक घासून पांढरं पडलेलं, डाव्याचं जास्त. टाचेचं रबर मात्र दुकानातून आणल्यासारखं. मग त्यांनी त्याचे गुडघे हातात घेतले आणि अंगठ्यानं हळूच दाबले. गुडघ्याच्या वाटीच्या जरा खाली दोन्हीकडे रुपयाएवढे काळसर, जाड घट्टे होते. मी त्याला रोज आंघोळ घालत असे, ते घट्टे मला पाठ होते. पण ते काय सांगतायत, हे मी कधी वाचलं नव्हतं. बेन काही बोलल्या नाहीत. फक्त कागदावर काहीतरी लिहिलं.

मग टेबलावर झोपवून घोट्याचा कोन मोजला, गुडघा वाकवून एकदा आणि सरळ ठेवून एकदा. दोन पट्ट्यांचं ते उपकरण माझ्या ओळखीचंच, फक्त आकार लहान. पाय आधी सावकाश वळवला, मग झटक्यात. सावकाश जितका येतो तितका झटक्यात येत नाही, मध्येच अडकतो. हा अडकण्याचा कोन आणि शेवटचा कोन यांत जितकं अंतर, तितका ताठरपणाचा भाग. आणि सावकाश नेऊनही जो येत नाही, तो स्नायूच आखूड झाल्याचा भाग. दोन्हींचे उपाय वेगळे. एवढी साधी गोष्ट, पण इतक्या वर्षांत कोणी अशी उलगडून सांगितली नव्हती. कंबरेचा एक्स-रे दर वर्षी काढत जा, असंही त्यांनी बजावलं, कारण अशा मुलांचा खुबा न दुखता हळूहळू सरकू शकतो.

त्यानंतर गादी अंथरली. मुलाच्या अंगाच्या मोठ्या हालचाली मोजणाऱ्या या चाचणीला जीएमएफएम, म्हणजे ग्रॉस मोटर फंक्शन मेझर म्हणतात. १९८९मध्ये कॅनडात तयार झाली. मूळ यादीत ८८ कृती आहेत; पाच वर्षांचं निरोगी मूल त्या सगळ्या करू शकतं. आडवं होणं आणि कुशीवर वळणं, बसणं, रांगणं आणि गुडघ्यांवर उभं राहणं, उभं राहणं, आणि शेवटी चालणं-पळणं-उड्या असे पाच भाग. प्रत्येक कृतीला शून्य ते तीन. सुरुवातच केली नाही तर शून्य, नुसती सुरुवात केली तर एक, अर्धवट केली तर दोन, पुरी केली तर तीन. अनवाणी आणि साधनाशिवाय. तीन प्रयत्न द्यायचे आणि त्यांतला चांगला धरायचा.

बसण्याच्या भागात तो भराभर तीन मिळवत गेला आणि प्रत्येक वेळी माझ्याकडे बघून हसला. छोट्या बाकावरून हात न लावता उठायचं होतं, तिथे दोन. एक पाय उचलून उभं राहायचं, शून्य. मोठा चेंडू दोन्ही हातांत धरून दहा पावलं चालायचं, शून्य. तिथे त्याचा चेहरा उतरला. बेननी चेंडू त्याच्याच हातात ठेवला आणि म्हणाल्या, आता बसून माझ्याकडे फेक. ते फेकणं यादीत नव्हतं. ते त्याच्यासाठी होतं.

शेवटी बाहेरच्या लांब पॅसेजमध्ये वॉकर घेऊन एक मिनिट, जमेल तितकं भरभर, पण पळायचं नाही. मी नकळत पावलांवरून अंतर धरत होतो. माझ्या हिशेबानं ३३ आलं, त्यांच्या टेपनं ३४ मीटर.

आता कागदपत्रं होतील आणि आपण निघू, असं मला वाटलं. नातू खाली बसून ठोकळे खेळायला लागला. बेननी एक साधा कागद काढला, त्यावर तीनच रकाने, ५, ५० आणि ५००. मीटर. घरात, शाळेत, बाहेर. याचं नाव फंक्शनल मोबिलिटी स्केल, एफएमएस. मेलबर्नच्या रॉयल चिल्ड्रन्स हॉस्पिटलमधल्या केर ग्रॅहॅम, एड्रिएन हार्वी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते २००४मध्ये मांडलं. प्रत्येक अंतरासाठी मूल एरवी कसं जातं, त्याचा एक आकडा. एक म्हणजे व्हीलचेअर, दोन वॉकर, तीन कुबड्या, चार काठी, पाच सपाट जागेवर आधाराशिवाय, सहा म्हणजे पायऱ्या आणि खडबडीत रस्त्यांसकट कुठेही आधाराशिवाय.

"घरात पाच मीटर कसा जातो?"

मी लगेच म्हणालो, "चालतो. भिंतीला हात लावून." मनात पाच आकडा धरला होता. बेन म्हणाल्या, भिंत, फर्निचर, दुकानांच्या कडा धरून मूल चालत असेल तर चार द्यायचा, कारण तोही आधारच. मला ते पटलं. चार तर चार. त्या लिहिणार, तेवढ्यात त्यांनी पेन थांबवलं आणि म्हणाल्या, "दादा, ए शुं करी शके छे ए नहीं. ए रोज शुं करे छे, ए कहो."

काय करू शकतो ते नाही. रोज काय करतो ते.

मी उत्तर जुळवत होतो, तेवढ्यात खालून आवाज आला, "मी रांगतो." ठोकळ्यांवरची नजर न उचलता. "आबा असले की चालतो. नाहीतर रांगतो. पटकन होतं."

सूनबाईनं माझ्याकडे बघितलं, मी तिच्याकडे. आम्हाला दोघांनाही हे माहीत होतं. तो सकाळी बाथरूमला रांगत जातो, पतंग आणायला रांगत जातो, टीव्हीसमोर रांगत येतो. फक्त व्यायामापुरता तेवढा चालत होता, आणि आम्ही त्या व्यायामालाच त्याचं चालणं म्हणत होतो. गुडघ्यांवरचे घट्टे बेननी तासाभरापूर्वीच वाचले होते. त्यांनी पाच मीटरच्या रकान्यात इंग्रजी सी लिहिला. रांगणारं मूल असेल तर आकडा नाही, हे अक्षर. "रांगणं म्हणजे नापास नाही," त्या त्याला म्हणाल्या, "तू खरं सांगितलंस म्हणून मला तुझं काम करता येईल."

शाळेतलं पन्नास मीटर आम्हाला सांगता येईना. बेननी वर्गशिक्षिकेला विचारून यायला सांगितलं होतं, सूनबाईनं तिथूनच फोन लावला. वर्गापासून बाथरूमपर्यंत तो वॉकर घेऊन रोज स्वतः जातो, असं बाई म्हणाल्या. रोज? हो, रोज, सुट्टीतही जातो. शाळेत त्याला उचलायला कोणी नव्हतं ना. म्हणजे पन्नासला दोन.

आणि पाचशे? आमच्या दांडिया बाजारच्या गल्लीतून सुरसागर तलावाच्या काठापर्यंत मोजलं तर साधारण तेवढंच भरतं. संध्याकाळी मी त्याला तिथे नेतो, काठावरून तलावाच्या मधला महादेवाचा पुतळा दाखवतो, शेंगा खातो, परत येतो. "कसं नेता?" उचलून. कडेवर, आणि दमलो की खांद्यावर. बेननी थोडा वेळ काही लिहिलं नाही. मग म्हणाल्या, "म्हणजे पाचशे मीटर तुम्ही जाता, दादा. तो नाही जात." आणि तिथे एन लिहिला, म्हणजे हे अंतर मूल स्वतः पार करत नाही.

सी, दोन, एन. मी तो कागद बराच वेळ हातात धरून होतो. मोजणीतली चूक बहुतेक वेळा उपकरणात नसते, आपण पट्टी कुठे धरली त्यात असते. मी इतकी वर्षं पट्टी माझ्या मनातल्या नातवाला लावत होतो.

सूनबाईनं मग तो प्रश्न विचारला, जो ती दर ठिकाणी विचारायची. चालेल का? बेननी तिला पाच पातळ्यांची रचना समजावली. जीएमएफसीएस, म्हणजे ग्रॉस मोटर फंक्शन क्लासिफिकेशन सिस्टम. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात पॅलिसॅनो, रोझेनबॉम आणि इतरांनी ती १९९७मध्ये केली आणि २००७मध्ये वाढवली. पहिल्या पातळीची मुलं कुठेही चालतात, फक्त वेग-तोल कमी पडतो. पाचव्या पातळीच्या मुलांना मान सावरणंही कठीण. आमचा तिसऱ्या पातळीत. घरात, शाळेत हातात साधन धरून चालणारा, लांबच्या अंतराला चाकांची गरज असणारा. पातळी सहसा बदलत नाही, हे त्यांनी स्पष्ट सांगितलं. आणि हेही सांगितलं, की शेकडो मुलांच्या अशा चाचण्यांवरून वाढीच्या रेषा काढल्या गेल्या आहेत, आणि पाच वर्षांच्या आसपास किंवा त्याआधीच बहुतेक मुलं आपल्या क्षमतेच्या सुमारे ९० टक्क्यांपर्यंत पोचलेली असतात.

तो सहाचा झाला होता. हे ऐकून खोलीत कोणी काही बोललं नाही. सूनबाईनं पर्स मांडीवर घट्ट धरली होती. बेन घाई करून काही समजावायला गेल्या नाहीत, त्याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो. मग त्या एवढंच म्हणाल्या, गादीवरचा आकडा आता फार चढणार नाही. सी आणि एन मात्र बदलता येतील, आणि ते त्याच्या पायांवर कमी, तुमच्या घरावर जास्त अवलंबून आहे.

या वाक्यावर मला काम सापडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी टेप, वही आणि लेव्हल काढली आणि स्वतःच्या घराचा सर्वे केला. पन्नास वर्षं या घरात राहतोय. बाथरूमकडे जाणारा बोळ ७१ सेंटीमीटर, त्यात भिंतीला लागून धान्याचा डबा, राहिले ४३. त्याच्या वॉकरची रुंदी ५६. मूल वॉकर का घेत नाही म्हणून आम्ही त्याला आळशी म्हणत होतो, आणि वॉकर तिथे शिरतच नव्हता. स्वयंपाकघराचा उंबरठा साडेनऊ सेंटीमीटर. मधल्या खोलीत सतरंजी, तिच्या काठात पुढची चाकं अडकायची. पलंग एवढा उंच की तो उतरायचा तो पोटावर घसरत, आणि एकदा जमिनीवर आलं की उठून वॉकर धरण्यापेक्षा रांगणं सोपं. त्याच्या जागी मीही रांगलो असतो.

डबा हलला. सतरंजी निघाली. हिला ती सतरंजी फार प्रिय, तिच्या आईनं दिलेली, पण तिनं स्वतःच गुंडाळून माळ्यावर टाकली. पलंगाचे पाय सुताराकडून कापून घेतले, त्याचे तळवे टेकतील एवढे. उंबरठ्याला उतार करायचा तर एकास बाराचं प्रमाण, म्हणजे साडेनऊसाठी ११४ सेंटीमीटर लांबी. तेवढी जागा नव्हती. शेवटी हिनं विचारलं, "उंबरठा हवाच कशाला?" देवघराचा होता म्हणून मी तो विषय काढत नव्हतो. तिनंच हळदकुंकू वाहिलं आणि गवंड्याला बोलावलं.

वॉकरही बदलला. आधीचा पुढे ढकलायचा होता, त्यात तो वाकून चालायचा. बेननी मागून ओढायचा सुचवला. चौकट पाठीमागे राहते, मूल पुढे मोकळं आणि ताठ. पहिले आठ दिवस त्याला राग आला. नवव्या दिवशी तो पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेला, स्वतःहून, आणि माठाजवळ जाऊन आजीला म्हणाला, "ग्लास दे." ही माठाशेजारीच उभी होती, तिला काही सुचेना.

चाकांच्या खुर्चीला मात्र मी चार महिने नाही म्हणालो. हे मला लिहायलाच हवं. घरातल्या सगळ्यांचं पटलं होतं, अडलं होतं माझं. खुर्ची घेतली की तो चालणं सोडेल, लोक बघतील, आपण हरलो असं होईल, असं काय काय मनात यायचं. सूनबाई एकदा शांतपणे म्हणाली, "बाबा, तो आता एकोणीस किलोचा आहे. अजून किती दिवस उचलाल?" मी म्हणालो, अंगात बळ आहे तोवर. ती म्हणाली, "आणि त्यानंतर तो सुरसागरला जायचंच नाही का?" मी खुर्ची मागवली. त्याच्या मापाची, हलकी, मोठी चाकं हातानं फिरवता येतील अशी. दवाखान्यातल्या मोठ्या माणसांच्या खुर्चीत लहान मूल बुडून जातं, हात चाकांपर्यंत पोचत नाहीत. ती घेऊन उपयोग नाही. मापाचीच हवी.

चालणं त्यानं सोडलं नाही. उलट पूर्वी शाळेच्या फाटकापासून वर्गापर्यंत वॉकरनं जाऊनच तो इतका दमायचा, की सुट्टीत बसून राहायचा. आता फाटकापर्यंत खुर्ची, आत वॉकर, आणि सुट्टीत खेळ. कमाटीबागेत मी मागे चालतो आणि तो पुढे चाकं मारत जातो. म्युझियममधला देवमाशाचा सांगाडा त्यानं किती वेळ बघावा, ते आता तोच ठरवतो. आधी माझा खांदा ठरवायचा.

आठ महिन्यांनी पुन्हा तपासणी झाली. गादीवरचा आकडा जेमतेम दीड गुणानं वाढला होता. एफएमएसचा कागद काढल्यावर या वेळी बेननी आम्हाला विचारलंच नाही, त्यालाच विचारलं. घरात? "वॉकर. रात्री शू लागली तर रांगतो." शाळेत? "वॉकर." सुरसागर? "माझी गाडी." दोन, दोन, एक. त्या स्केलवर एक हा सगळ्यांत खालचा आकडा आहे. सूनबाईनं त्या कागदाचा फोटो काढून मुलाला ऑफिसात पाठवला आणि खाली लिहिलं, "एन गेला."

त्यानंतरची उत्तरायण. चौदा जानेवारीला वडोदऱ्यात घरात कोणी थांबत नाही, सगळं शहर पतंग उडवायला गच्चीवर. आमच्या गच्चीला सतरा पायऱ्या, उंच आणि अरुंद, एका बाजूला नुसती भिंत. दर वर्षी मी त्याला खांद्यावर घेऊन चढायचो. या वर्षी मी वाकलो, तसा त्यानं माझा हात बाजूला केला. "आबा, तुम्ही मागून या."

तो हात टेकून चढला. आधी दोन्ही हात वरच्या पायरीवर, मग उजवा गुडघा, मग डावा पाय ओढून. मी एक पायरी खाली, दोन्ही हात पसरून, पण त्याला न लावता. सहाव्या पायरीवर थांबला, अकराव्यावर थांबला. वरून "काइपो छे"चा, म्हणजे पतंग कापल्याचा गलका येत होता आणि तो मान वर करून ऐकायचा. घड्याळात नऊ मिनिटं लागली. वर पोचल्यावर कठड्याला पाठ लावून बसला, तळहातांची धूळ चड्डीला पुसली आणि आजूबाजूला बघून म्हणाला,

"आबा, माझी फिरकी खालीच राहिली. आणा ना."

मी खाली उतरलो.